कंडेन्सिंग बॉयलरचं पाइपिंग कसं करायचं

घर गरम करायला कंडेन्सिंग बॉयलर बसवला की गॅस आपोआप वाचतो असं बऱ्याच जणांना वाटतं, पण हा बॉयलर वाचवतो ते धुरातल्या वाफेचं पाणी करून तिची उष्णता काढून घेतो म्हणून, आणि नॅचरल गॅसच्या धुरातल्या वाफेचं पाणी साधारण 55 अंश सेल्सिअसच्या खालीच व्हायला लागतं. म्हणजे घरभर फिरून परत येणारं पाणी त्याहून थंड हवं, 60-65 अंशांवर येत असेल तर एवढा महागडा बॉयलर साध्या बॉयलरसारखाच चालणार. त्यामुळे पाइप टाकताना दर जोडाला एकच विचारायचं, याने रिटर्न, म्हणजे हे परत येणारं पाणी, गरम होणार नाही ना?

आधी कागदावर काढा. बॉयलरच्या मॅन्युअलमधला डायग्राम समोर ठेवा आणि त्यात दिलेला पाण्याचा किमान फ्लो (मिनिटाला किती लिटर) लिहून घ्या. या बॉयलरच्या हीट एक्सचेंजरमधल्या, म्हणजे धुराची उष्णता पाण्याला देणाऱ्या भागातल्या, वाटा अरुंद असतात, फ्लो कमी पडला की आतलं पाणी उकळायला लागतं. म्हणून बहुतेक ठिकाणी दोन लूप, म्हणजे पाणी फिरायचे दोन मार्ग, करतात, बॉयलरचा स्वतःच्या पंपासह छोटा प्रायमरी लूप आणि घरभर फिरणारा सेकंडरी.

हे दोन लूप जिथे भेटतात ते दोन टी (T आकाराचे जोड) नीट बसवा, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. टींमधलं अंतर पाइपच्या व्यासाच्या चौपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे एक इंची पाइपला मध्यापासून मध्यापर्यंत चार इंच, त्याहून कमी असेल तर उत्तमच, आणि टींच्या आधी आठ व्यास, नंतर चार व्यास सरळ पाइप ठेवा. अंतर वाढलं की एका पंपाचा जोर दुसऱ्या लूपमध्ये शिरतो आणि हीटिंग बंद असतानाही रेडिएटर कोमट राहतात. घरून येणाऱ्या पाण्याला बॉयलरकडे नेणारा टी आधी लागला पाहिजे, बॉयलरचं गरम पाणी आणणारा नंतर.

आता फ्लोचा हिशोब, हा कुणी करतच नाही. समजा बॉयलरचा पंप मिनिटाला 30 लिटर फिरवतोय आणि घराचा 20, बॉयलरमधून पाणी 70 अंशांनी निघतंय आणि घरातून 50 अंशांनी परत येतंय. जास्तीचं 10 लिटर गरम पाणी घरात न जाता टींमधूनच मागे फिरतं, आणि बॉयलरला रिटर्न मिळतो जवळपास 57 अंशांचा, म्हणजे घराने पाणी नीट थंड करून पाठवलं तरी कंडेन्सिंग गेलंच! म्हणून घराचा फ्लो बॉयलरच्या फ्लोइतका किंवा थोडा जास्त ठेवा, आणि बाहेरच्या हवेचा सेन्सर असेल तर सप्लायचं, म्हणजे घराकडे जाणाऱ्या पाण्याचं, तापमान बाहेरच्या हवेप्रमाणे कमीजास्त होऊ द्या.

टींच्या पुढे, सप्लायच्या बाजूला पाण्यातली हवा काढणारा एअर सेपरेटर लावा, गरम पाण्यातूनच हवा जास्त सुटते. त्यालाच गरम होऊन फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारा एक्स्पान्शन टँक जोडा आणि घराचा पंप त्याच्या पुढे, म्हणजे पंप टँकपासून लांब पाणी ढकलेल, हे उलटं केलं तर पंप चालू झाल्यावर प्रेशर पडतं आणि हवा आत खेचली जाते. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि बॉयलरच्या मधे कुठलाही कॉक कधीच नको. रिटर्नवर मॅग्नेटिक फिल्टर लावा, जुने रेडिएटर असतील तर आधी सगळी लाइन फ्लश करा नाहीतर काळा गाळ थेट एक्सचेंजरमध्ये जातो. फ्लोअर हीटिंगला प्लास्टिक पाइप ऑक्सिजन बॅरियरवालाच (बाहेरचा ऑक्सिजन पाण्यात शिरू न देणारा) घ्या.

धुरातल्या वाफेचं बॉयलरखाली जमणारं पाणी आम्लधर्मी असतं, त्याला प्लास्टिकचाच पाइप, पूर्ण उतार आणि शक्यतो आम्ल मारणारा न्यूट्रलायझर द्या, तांबं किंवा लोखंड ते खाऊन टाकतं. हा पाइप घराबाहेरून नेलात तर पाणी गोठून बॉयलर बंद पडू शकतो. धुराच्या पाइपचा उतार बॉयलरकडे हवा आणि पाइप कंपनीने सांगितलेल्याच मटेरियलचा. गॅसचं काम लायसन्सवाल्या माणसाकडूनच करून घ्या, यात तडजोड नको.

शेवटी बॉयलरखालच्या त्या पाइपच्या ट्रॅपमध्ये (पाणी साठून धूर अडवणारा भाग) पाणी भरा, नाहीतर धूर घरात येईल. मग पाणी भरून हवा काढा, बॉयलर चालू करा, अर्धा तास जाऊ द्या आणि रिटर्नच्या पाइपला थर्मामीटर लावा. 50च्या आसपास असेल तर ट्रॅपमधून थेंब पडायला लागलेले दिसतील, दिसले नाहीत तर आधी पंपांचा फ्लो तपासा.