ज्युपिटर हेल: दार उघडा आणि मागे या

केऑसफोर्ज कंपनीच्या ‘ज्युपिटर हेल’ या व्हिडिओ गेममध्ये (2021) गुरूच्या कॅलिस्टो उपग्रहावर, म्हणजे पहिल्याच टप्प्यात, बहुतेक नवे खेळाडू संपतात, कारण ते हा खेळ साध्या शूटरसारखा (गोळीबाराच्या गेमसारखा) पळत खेळतात. इथे तुम्ही चाल केली तरच वेळ पुढे सरकतो. तेव्हा आरोग्य कमी झालं की हात कीबोर्डवरून काढा आणि नकाशा नीट बघा. घाई करायला कुणीच लावत नाही.

खोलीचं दार उघडलं की आत शिरू नका. कुणी दिसलं तर नकाशावरचे दोन-तीन चौकोन मागे येऊन एखाद्या खोक्याच्या किंवा भिंतीच्या कोपऱ्याच्या आड उभे राहा. शत्रू मग एकेक करून दारातून येतात आणि शॉटगनच्या टप्प्यात सापडतात. शॉटगनचा मार अंतराबरोबर घटतो, म्हणून त्यांना जवळ येऊ द्या. हे थांबणंच सगळ्यात अवघड जातं. आडोशाजवळ स्फोटक पिंप असेल तर मात्र ती जागा लगेच सोडा. खोली शांत झाली की आधी बंदूक भरा, मग सामान उचला. मेलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, त्यामुळे औषधाचा किट ‘नंतर लागेल’ म्हणून साठवत बसू नका.