वनजमिनीवरील केबिन तिघा भावंडांची, परवाना एकीच्या नावे

कॅलिफोर्नियातील राष्ट्रीय वनात असलेली सासऱ्यांची केबिन, म्हणजे सुट्टीत राहायचे छोटे घर, त्यांच्या पश्चात माझे पती, दीर आणि नणंद यांच्या नावे करण्याचा अर्ज परत आला. कंपनी स्थापून केलेला दुसराही नाकारला गेला. वर्ष वाया गेल्याचे फार वाईट वाटले. केबिन आपली असली तरी जमीन सरकारची असते आणि तिच्यावर केबिन ठेवण्याचा परवाना एका व्यक्तीच्या किंवा पती-पत्नीच्या नावे मिळतो, कंपनीच्या नावे नाही. म्हणून आधी नणंदेचे नाव ठरवले. मग वकिलाकडून खर्चाचे वाटे, राहण्याचे आठवडे, बाहेर पडणाऱ्याचा मोबदला आणि तिच्या पश्चात अर्ज कोणी करायचा, हे लिहून घेऊन तिघांनी सह्या केल्या. त्यानंतरच 'एफएस-२७००-३ए' हा अर्ज तिच्या एकटीच्या नावे दिला. हा करार घरापुरताच आहे, वनखाते परवानाधारकालाच ओळखते. नवा परवाना सासऱ्यांच्या किल्लीच्या खिळ्याशेजारी लावला आहे.