रिफॉर्मर पिलाटीज: नियमित व्यायाम म्हणून कसे करावे आणि त्यातून काय मिळते

रिफॉर्मर हे यंत्र प्रथम पाहणाऱ्याला दोऱ्या बांधलेल्या अरुंद पलंगासारखे वाटते. लाकडाची किंवा ॲल्युमिनियमची लांबट चौकट, तिच्या आतल्या रुळांवर मागेपुढे सरकणारी गादी म्हणजे कॅरेज, एका टोकाला पाय टेकण्यासाठी फुटबार, त्याच टोकाला कॅरेजशी अडकवायच्या चार-पाच स्प्रिंगा आणि दुसऱ्या टोकाच्या कप्प्यांवरून (पुलींवरून) येणारे, हातापायांत घालायचे पट्टे, एवढाच त्याचा संसार. १८८३ साली जर्मनीतील मोन्शेनग्लाडबाख येथे जन्मलेले जोसेफ पिलाटीज पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये नजरकैदेत होते. तेथे आजाऱ्यांच्या खाटांना स्प्रिंगा लावून त्यांनी व्यायाम करवून घेतला, अशी हकिगत सांगितली जाते. पुढे न्यूयॉर्कमध्ये त्यांनी आपली, आज पिलाटीज म्हणून ओळखली जाणारी व्यायामपद्धत अनेक वर्षे शिकवली. तिला ते स्वतः ‘कंट्रोलॉजी’ म्हणत, आणि माझ्या मते हे जुने नावच अधिक नेमके होते, कारण या व्यायामाचा लाभ किती जोर लावला यापेक्षा सरकणारी कॅरेज किती ताब्यात ठेवली यावर अवलंबून असतो.

हे समजण्यासाठी पहिल्या दिवशी शिकवला जाणारा ‘फुटवर्क’ हा प्रकार पुरेसा आहे. पाठीवर झोपून खांदे खांद्याच्या आधारांना टेकवावेत, पायांचे चवडे फुटबारवर ठेवावेत, बहुधा तीन किंवा चार स्प्रिंगा अडकवलेल्या असाव्यात, आणि श्वास सोडत गुडघे सरळ होईपर्यंत कॅरेज दूर ढकलावी. येथपर्यंत कोणालाही जमते. खरे काम परत येताना असते. स्प्रिंगा कॅरेजला खेचून आणत असतात आणि आपण मांड्या, नितंब व पोटाच्या स्नायूंनी त्या ओढीला विरोध करत, जितक्या वेळात गेलो तितक्याच वेळात, किंबहुना थोडे सावकाश, परत यायचे असते. नवख्या माणसाची कॅरेज अडसरावर ‘खट्’ करून आदळते. आमच्या प्रशिक्षिका आरशाकडे पाठ करून उभ्या असल्या तरी त्या आवाजावरून कोणाचा ताबा सुटला हे ओळखत. स्नायू लांबत असताना त्यावर भार ठेवण्याच्या या प्रकारामुळे सांध्यांना धक्का न बसता ताकद वाढते, आणि गुडघ्यांमुळे ज्यांना उड्या किंवा धावणे झेपत नाही त्यांना हा व्यायाम मानवतो तो म्हणूनच.

स्प्रिंगांबाबत एक गैरसमज मी स्वतः बाळगला होता. कमी स्प्रिंगा म्हणजे सोपा व्यायाम, असे समजून मी एकदा ‘लाँग स्ट्रेच’ करताना, म्हणजे हात फुटबारवर, पाय कॅरेजवर आणि शरीर फळीसारखे ताठ अशा स्थितीत, एकच हलकी स्प्रिंग ठेवली, आणि कॅरेज पायांखालून निसटून मी गुडघ्यांवर आलो. फुटवर्कमध्ये जड स्प्रिंग म्हणजे अधिक भार हे खरे; परंतु जेथे शरीर कॅरेजवर तोलायचे असते तेथे जड स्प्रिंग आधार देते आणि हलकी स्प्रिंग पोट व खांद्यांची परीक्षा घेते. स्प्रिंगांचे रंगही निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांवर निरनिराळा ताण दर्शवतात, त्यामुळे स्टुडिओ बदलल्यास लाल-निळ्याचा हिशेब नव्याने विचारून घ्यावा.

लाभांमध्ये सर्वांत आधी जाणवतो तो पोटाच्या खोल थरातील आणि कण्यालगतच्या स्नायूंचा. पाठीवर झोपून पाय पट्ट्यांत अडकवले आणि हवेत वर्तुळे काढली की कंबर उचलली जाऊ लागते. ती स्थिर ठेवण्यासाठी ओटीपोट, श्वास आणि मांड्या यांची जुळणी करावीच लागते, आणि दिवसभर संगणकासमोर वाकून बसणाऱ्याला हीच जुळणी पुढे खुर्चीवर बसताना व उठताना उपयोगी पडते. डाव्या-उजव्या बाजूंतील फरकही हे यंत्र लपू देत नाही, कारण एक पाय दुबळा असल्यास कॅरेज अडखळत जाते. जुनाट कंबरदुखीबाबत मात्र दावे मोजून करावेत. वैद्यकीय संशोधनांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१५ सालच्या आढाव्यानुसार पिलाटीजमुळे वेदना आणि हालचालींची अडचण कमी होण्यास मदत होते, परंतु इतर व्यायामांपेक्षा ते श्रेष्ठ आहे असा ठाम पुरावा त्या आढाव्यात आढळला नाही. शिवाय त्यात यंत्राविना चटईवर केलेले पिलाटीजही होते, हे जाहिराती सांगत नाहीत.

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, प्रत्येकी सुमारे ५० मिनिटे, असा क्रम बहुतेकांना पुरतो. त्याने हृदय व श्वसनाचा व्यायाम भरून निघतो असे मानू नये. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम तीव्रतेचा एरोबिक व्यायाम आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सुचवते. रिफॉर्मर दुसरी गरज बऱ्याच अंशी भागवतो, पहिलीसाठी भरभर चालणे किंवा सायकल हवीच. वजन झपाट्याने उतरवणे हा हेतू असेल, तर या क्लासच्या शुल्कात निराशाच पदरी पडेल.

क्लास निवडताना एका प्रशिक्षकाकडे किती यंत्रे आहेत ते पाहावे आणि पहिले दोन-तीन वर्ग शक्यतो एकट्याने किंवा लहान गटात करावेत. तळव्याला रबरी ठिपके असलेले मोजे घालावेत. खांद्याचे आधार, फुटबारची उंची आणि पट्ट्यांची लांबी आपल्या उंचीप्रमाणे लावून घेण्यास संकोचू नये. नितंब उचलून पाठ गुंडाळण्याच्या प्रकारात डोक्याखालचा आधार खाली पाडलेला असावा, अन्यथा मानेवर भार येतो. दुसऱ्या दिवशी मांडीच्या आतल्या बाजूला येणारा ठणका स्वाभाविक आहे; मान किंवा कंबर दुखली तर तंत्र चुकते आहे असे समजून प्रशिक्षकाला सांगावे. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कणा पुढे वाकवण्याचे प्रकार टाळावेत, आणि गर्भवतींनी तसेच नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाव नोंदवू नये.

उतरताना कॅरेज पूर्ण जागेवर आल्याशिवाय पाय जमिनीवर टाकू नये, आणि उभ्याने चढताना पहिले पाऊल सरकत्या गादीवर न ठेवता चौकटीच्या स्थिर भागावर ठेवावे. घरी यंत्र घेतलेच असेल, तर काम संपल्यावर किमान एक स्प्रिंग अडकवलेली ठेवावी, कारण मोकळी कॅरेज नुसत्या स्पर्शाने सरकते आणि लहान मुलांची बोटे नेमकी रुळावर जातात.