आपल्याच सर्व्हरचं नाव सांगून येणारा स्पॅम दारातच अडवा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचा स्वतःचा मेल सर्व्हर आहे असं धरू. नाव मेल.टॉवेल.एक्झाम्पल, आयपी २०३.०.११३.१०, त्यावर पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्राम). आलेल्या स्पॅमचे हेडर (मेलच्या प्रवासाच्या नोंदी) उघडा आणि सर्वांत वरची रिसीव्हड ओळ बघा:

फ्रॉम मेल.टॉवेल.एक्झाम्पल (अननोन [१९८.५१.१००.२३])

पहिलं नाव समोरच्या सर्व्हरने हेलो म्हणताना, म्हणजे जोडणीच्या सुरुवातीला ओळख देताना, स्वतः सांगितलेलं आहे. कंसातला आयपी मात्र आपल्या सर्व्हरने पाहिलेला. नाव आपलं, आयपी परका! बाहेरच्या सर्व्हरला आपलं नाव सांगायचं काहीच कारण नसतं, म्हणून इथे स्पॅमचे गुण मोजत बसू नका, सरळ नाकारा. (पाठवणाऱ्याच्या जागी आपला पत्ता घालणारा स्पॅम वेगळा, त्याला एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या डोमेनच्या पडताळण्या लागतात.)

पोस्टफिक्सच्या फोल्डरमध्ये हेलो_ॲक्सेस नावाची फाइल करा. इथे सगळं देवनागरीत आहे, फाइलमध्ये अर्थातच रोमन लिपीत टाइप करायचं:

मेल.टॉवेल.एक्झाम्पल रिजेक्ट
२०३.०.११३.१० रिजेक्ट
[२०३.०.११३.१०] रिजेक्ट
लोकलहोस्ट रिजेक्ट

फाइलवर पोस्टमॅप (तिचा पोस्टफिक्सला वाचता येणारा तक्ता करणारी कमांड) चालवा. मग मेन.सीएफ या मुख्य सेटिंग फाइलमध्ये:

एसएमटीपीडी_हेलो_रिक्वायर्ड = यस
एसएमटीपीडी_हेलो_रिस्ट्रिक्शन्स = परमिट_मायनेटवर्क्स, परमिट_एसएएसएल_ऑथेंटिकेटेड, वॉर्न_इफ_रिजेक्ट चेक_हेलो_ॲक्सेस हॅश:/ईटीसी/पोस्टफिक्स/हेलो_ॲक्सेस

शेवटी पोस्टफिक्स रीलोड. दोन्ही परमिट (मायनेटवर्क्स म्हणजे आपल्या विश्वासातले आयपी, एसएएसएल म्हणजे पासवर्ड देऊन आलेले) आधीच हवेत, नाहीतर सर्व्हरवरचेच प्रोग्राम लोकलहोस्ट म्हणून आले की अडकतील.

वॉर्न_इफ_रिजेक्ट असेपर्यंत मेल अडत नाही, लॉगमध्ये फक्त रिजेक्ट_वॉर्निंग उमटते. हा शब्द महिनाअखेर पार पडेपर्यंत ठेवावा, कारण बिलं आणि पगारपत्रकं पाठवणारी यंत्रणा तेव्हाच जागी होते.

चूक बहुधा दोन ठिकाणी होते. पहिली, फाइलमध्ये नुसतं टॉवेल.एक्झाम्पल लिहिणं. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगमध्ये ती ओळ सगळ्या सबडोमेनलाही लागू पडते, आणि दुसरीकडे होस्ट केलेली वेबसाइट त्यातलंच नाव सांगून चौकशीचे मेल पाठवत असेल तर तेही परत जातात. अशा नावापुढे डनो (इथे निर्णय नाही, पुढचे नियम बघा) लिहा. ओके लिहायची सवय नको. हीच फाइल उद्या कुणी रिसिपियंटच्या (मेल ज्याला जायचा त्याच्या) नियमांत चुकीच्या जागी जोडली, तर ओकेमुळे सर्व्हर ओपन रिले, म्हणजे कुणाचेही मेल कुठेही पाठवणारा, होऊ शकतो.

दुसरी चूक राउटरची. स्कॅन मेल करणारं झेरॉक्स मशीन आतून पब्लिक आयपीवर जातं, तेव्हा काही राउटर त्याचा पत्ता बदलून स्वतःचा लावतात. मशीन मायनेटवर्क्समध्ये असूनही परकं दिसतं. पण त्यावर उपाय म्हणून राउटरचा आयपी मायनेटवर्क्समध्ये टाकू नका! बाहेरून येणारे मेलही तो राउटर त्याच पत्त्याने आत सोडत असेल तर सगळं जग घरचं ठरेल. त्याऐवजी ऑफिसच्या डीएनएसमध्ये (नावावरून आयपी सांगणाऱ्या यंत्रणेत) सर्व्हरच्या नावाला आतला आयपी द्या.

वॉर्न_इफ_रिजेक्ट काढून रीलोड केल्यावर बाहेरच्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) आपल्या सर्व्हरच्या पोर्ट २५ ला, म्हणजे मेल येण्याच्या दाराला, जोडून आपलंच नाव सांगा. उत्तर २५० (मान्य) येईल, गोंधळू नका. पोस्टफिक्स नकार मुद्दाम लांबवतो, ५५४ हा नकाराचा आकडा आरसीपीटी टू (मेल कुणाला जायचा तो पत्ता) दिल्यावरच दिसतो.