मसाला चहात बुडवायची बिस्किटे घरी कशी करावीत

चहासोबत खायचे बिस्किट आणि चहात बुडवायचे बिस्किट हे दोन वेगळे पदार्थ आहेत. घरी हौसेने केलेली बिस्किटे कपाच्या तळाशी जाऊन बसतात, त्याचे कारण बहुधा हा फरक लक्षात न घेण्यातच असते. जिभेवर ठेवताच विरघळणारी नानकटाई करणाऱ्याच्या हाताला शाबासकी मिळवून देते, पण तोच तिचा गुण चहात अवगुण ठरतो. ती कपात घातली की क्षणात तिचा भुगा होतो आणि वर तुपाचा पिवळसर तवंग तेवढा उरतो. तूप पिठाच्या कणांभोवती पसरून गव्हातील ग्लुटेनचे धागे एकमेकांत गुंतू देत नाही, त्यामुळे तूप जितके जास्त तितका पदार्थ खुसखुशीत आणि तितकाच ठिसूळ होतो. म्हणून बुडवायच्या बिस्किटात तूप बेताचे, गोडी मध्यम आणि भाजणी आतपर्यंत कोरडी असावी.

बिस्किट चहात का मोडते, हे एकदा समजले की पुढील प्रमाणे पाठ करावी लागत नाहीत. भाजलेल्या बिस्किटात स्टार्चचे कण साखरेने आणि स्निग्धांशाने एकत्र धरून ठेवलेले असतात आणि त्यांच्यामध्ये अत्यंत बारीक पोकळ्या असतात. गरम चहा केशाकर्षणाने या पोकळ्यांतून वर चढतो, साखर विरघळवतो, स्टार्चचे कण फुगवून मऊ करतो आणि मग ओला भाग स्वतःच्याच वजनाने तुटतो. ब्रिस्टल विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ लेन फिशर यांनी हा चहा बिस्किटात किती वेगाने चढतो याचे गणित मांडले आणि त्यासाठी त्यांना १९९९ चे इग नोबेल पारितोषिक मिळाले. पारितोषिक गमतीचे असले तरी गणित खरे आहे, आणि त्याचा उपयोग लेखाच्या शेवटाकडे होणार आहे.

सुमारे ३० ते ३५ बिस्किटांसाठी २०० ग्रॅम कणीक, ४० ग्रॅम बारीक रवा, ६० ग्रॅम साजूक तूप, ८० ग्रॅम चिरलेला गूळ, अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ आणि एक छोटा चमचा जाडसर कुटलेली बडीशेप घ्यावी. रवा येथे चवीसाठी नाही. त्याचे टणक कण लवकर भिजत नाहीत आणि बिस्किटाला चहात धीर धरायला लावतात. कृष्णाकाठच्या गावांत खपली गहू सहज मिळतो आणि त्याची चव सुरेख असते, परंतु त्याच्या पिठाला ताण कमी असल्यामुळे नुसत्या खपलीची बिस्किटे लवकर मोडतात. खपली वापरायचीच असेल तर निम्मी साधी कणीक मिसळावी.

मसाल्याचा मोह आवरावा. सातारी आले ठेचून घातलेल्या, वेलची आणि गवती चहाचा वास असलेल्या चहात सुंठ-वेलचीचेच बिस्किट बुडवले, तर दोन्हींची चव एकमेकांत हरवते. चहात जे नाही ते बिस्किटात असावे, हा साधा नियम पाळावा. बडीशेप किंवा जिरे चालते, आणि चिमूटभर मीठ तर हवेच, कारण गोड चहापुढे बिस्किटाची चव उठून दिसते ती त्या मिठामुळेच. बेकरीतले जिरा बटर चहासोबत वर्षानुवर्षे टिकून राहिले ते याच कारणाने, असे माझे मत आहे.

प्रथम गूळ पाव वाटीहून थोड्या कमी गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ५० मिलिलिटर पाण्यात, विरघळवून गाळून घ्यावा. सांगली किंवा कराडच्या बाजारातून आणलेली ढेप कितीही चांगली असली तरी तळाशी उसाची चिपाडे आणि बारीक कचकच निघतेच, त्यामुळे गाळण्याचा कंटाळा करू नये. हा पाक पूर्ण गार होऊ द्यावा.

कणीक, रवा, बेकिंग पावडर आणि मीठ एकत्र चाळून त्यात तूप घालावे. शंकरपाळ्यांना घालतो तसे कडकडीत मोहन येथे घालू नये. थिजलेले तूप घेऊन ते बोटांच्या टोकांनी पिठाला चोळावे. पीठ मुठीत दाबले असता मुटका वळावा, पण अंगठ्याने किंचित दाबताच फुटावा. मुटका घट्टच राहिला तर तूप जास्त झाले असे समजून दोन चमचे कणीक वाढवावी. मग बडीशेप घालून गुळाचे पाणी थोडे थोडे शिंपडत पुरीच्या पिठाहूनही घट्ट गोळा बांधावा. सगळे पाणी लागेलच असे नाही, आणि कमी पडल्यास चमचाभर दूध घ्यावे. गोळा मळत बसू नये, कारण जास्त मळल्याने बिस्किट कडक नव्हे तर चिवट होते. अर्धा तास झाकून ठेवल्यावर रवा भिजतो आणि लाटताना कडा फाटत नाहीत.

पोळपाटावर साधारण अर्ध्या सेंटिमीटरहून थोडी जाड पोळी लाटून कातण्याने सात सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापाव्यात. गोल आकार दिसायला छान असला तरी अरुंद ग्लासात तो जात नाही. प्रत्येक पट्टीला काट्याने आरपार टोचे मारावेत. आतली वाफ त्यांतून निघून जाते आणि बिस्किट मध्ये फुगून पोकळ राहत नाही.

भाजणी दोन टप्प्यांत करावी, कारण सारी मदार तिच्यावरच आहे. ओव्हन आधी तापवून १६० अंश सेल्सिअसवर बिस्किटे १८ ते २० मिनिटे भाजावीत. गूळ लवकर काळपटतो, म्हणून यापेक्षा आच वाढवू नये. कडा तांबूस दिसू लागल्या की ट्रे बाहेर काढून दहा मिनिटे थांबावे, ओव्हन १२० अंशांवर आणावा, बिस्किटे उलटून पुन्हा २० ते २५ मिनिटे सुकवावीत. या दुसऱ्या फेरीत रंग फारसा बदलत नाही, फक्त आतला ओलावा जातो. बेकरीतला टोस्ट टिकतो तो याच युक्तीमुळे. एक बिस्किट पूर्ण गार करून मधोमध मोडून पाहावे. कट् असा आवाज येऊन आतबाहेर एकच रंग दिसला तर काम झाले. मध्ये गडद, दमट पट्टा दिसला तर आणखी दहा मिनिटे लागतील. गरम बिस्किट नेहमीच मऊ लागते, त्यावरून निर्णय घेऊ नये.

ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या कढईत मीठ पसरून, त्यावर स्टँड आणि ताटली ठेवून, झाकण लावून मंद आचेवर २५ ते ३० मिनिटे भाजता येते. दुसरी फेरी तव्यावर उरकावी.

सातारा-सांगलीकडे आणखी एक सोय आहे आणि मला ती सर्वांत पसंत आहे. पीठ, तूप आणि साखर घरून नेऊन बेकरीतून बिस्किटे भाजून आणण्याची पद्धत अनेक गावांत अजून चालू आहे. मात्र बेकरीवाले सवयीने नानकटाईचे प्रमाण धरतात आणि त्यात तूप पिठाच्या निम्म्याहून जास्त असते. तेव्हा किलोला पाव किलोच तूप घालायचे, हे आधी स्पष्ट सांगावे, आणि शक्य असल्यास भाजलेले ट्रे उतरत्या भट्टीत पुन्हा ठेवण्याची विनंती करावी.

आता बुडवण्याविषयी. फिशर यांचा सल्ला असा की बिस्किट उभे न धरता आडवे धरावे, म्हणजे खालची बाजू भिजते आणि वरची कोरडी बाजू तिला तोलून धरते. बशीत चहा ओतून त्यात बिस्किट टेकवणारी आपली मंडळी हे आधीपासूनच करत आली आहेत. बशीतला चहा उथळ असतो आणि थोडा निवलेलाही असतो. ग्लासात मात्र पट्टी तिरपी धरून एकतृतीयांशच बुडवावी आणि मनात तीन-चार अंक मोजून काढावी. उकळत्या चहात हा वेळ आणखी कमी करावा.

साठवण हवामानावर ठरते. माण-खटावच्या कोरड्या हवेत ही बिस्किटे घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे कुरकुरीत राहतात. जावळी-पाटणच्या पावसात मात्र गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि ती दोन दिवसांत सादळतात. अशा भागात पावसाळ्यात निम्म्या गुळाऐवजी पिठीसाखर घ्यावी, ती पिठातच मिसळावी आणि गुळाचे पाणी कमी पडेल तेवढे दुधाने भरून काढावे. सादळलेली बिस्किटे मंद तव्यावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच मिनिटे ठेवून पूर्ण गार करावीत आणि मगच डब्याचे झाकण लावावे.