स्वतःची इंटरॅक्टिव्ह फिक्शनची साइट काढायचीय? आधी गोष्टीतला 'तू' कोण ते ठरवा

डोमेनचं नाव शोधत बसू नका. हे सगळ्यात आधी सांगतोय कारण मी नेमकं तेच केलं, दोन आठवडे नाव, मग लोगो, मग होमपेजचा रंग, आणि साइटवर ठेवायला गोष्ट एकही नाही. आता उलट्या क्रमाने सांगतो. ज्यांना हौस आहे, नोकरी सांभाळून रात्री लिहायचंय आणि कोडिंगच्या नावाने बोंब आहे अशांसाठी हे आहे.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन म्हणजे वाचक निवडतो आणि गोष्ट त्याप्रमाणे वळते. याचे ढोबळ दोन प्रकार. एकात वाचक आज्ञा टाइप करतो आणि कॉम्प्युटर ती समजून घेतो, याला पार्सर म्हणतात, विल क्राउदरने १९७० च्या दशकात गुहेत हिंडायचा जो खेळ लिहिला तिथून हे सुरू झालं. दुसऱ्यात खाली दोनतीन पर्याय दिसतात, एकावर बोट ठेवायचं, पुढे जायचं. मराठीत करायचं असेल तर सरळ दुसरा प्रकार घ्या. इन्फॉर्म नावाचं पार्सरवालं टूल भारी आहे, पण ते इंग्रजी वाक्यरचनेवर उभं आहे, आधी क्रियापद मग वस्तू, आणि आपण म्हणतो 'दार उघड', 'दाराला कडी लाव', 'दारातून डोकाव', एका दाराची किती रूपं बघा. ती सगळी कॉम्प्युटरला शिकवण्यात तुमची हौस फिटेल आणि गोष्ट तशीच राहील.

टूल म्हणून मी ट्वाइन सुचवेन. ख्रिस क्लिमसने २००९ मधे काढलेलं, फुकट, ओपन सोर्स, आणि मुख्य म्हणजे शेवटी तुमच्या हातात एकच एचटीएमएल फाइल येते जी कुठल्याही मोबाइलच्या ब्राउझरमधे उघडते. गोष्टीचा एकेक तुकडा म्हणजे पॅसेज, आणि जोडायचं कसं तर दुहेरी चौकोनी कंसात लिहायचं, बस:

[[कँटीनवाल्याला विचार->कँटीन]]

बाणाच्या आधीचं वाचकाला दिसतं, नंतरचं पॅसेजचं नाव. पॅसेजची नावं मराठीत चालतात, माझी सगळी मराठीतच आहेत. इंक हे दुसरं चांगलं टूल, इंकल स्टुडिओने २०१६ मधे सगळ्यांसाठी खुलं केलं, पण त्यात ट्वाइनसारखा पॅसेज आणि त्यांच्या जोडण्यांचा नकाशा दिसत नाही, सलग स्क्रिप्ट लिहावी लागते. पहिल्या गोष्टीला नकाशा डोळ्यासमोर असलेला बरा.

ट्वाइनमधे गोष्ट सुरू करताना स्टोरी फॉरमॅट, म्हणजे गोष्ट कशी दिसेल आणि चालेल ते ठरवणारा साचा, निवडायचा असतो. हार्लो आपोआप आलेला असतो आणि सुरुवातीला पुरतो. वाचकाला खेळ सेव्ह करून उद्या परत यायची सोय हवी असेल तर शुगरक्यूब घ्या, त्यात ती तयार मिळते आणि बाजूच्या मेन्यूतले इंग्रजी शब्दही बदलून मराठी करता येतात. हे आधीच ठरवा हां, कारण दोघांचं लिहायचं व्याकरण वेगळं आहे, अर्ध्यावर बदललंत तर रडाल.

आता खरा मुद्दा, ज्यावर इंग्रजी गाइडमधे एक ओळ नसते कारण त्यांना ती अडचणच नाही. इंटरॅक्टिव्ह फिक्शन बहुतेक वेळा 'यू' ला उद्देशून लिहिलेली असते. इंग्रजीत यू म्हणजे कोणीही. मराठीत 'तू बाकावर बसलास' लिहिलं की अर्धे वाचक गोष्टीबाहेर, 'बसलीस' लिहिलं की उरलेले अर्धे. माझी पहिली गोष्ट अशी: रात्री साडेदहा, चिपळूणचा एसटी स्टँड, शेवटची गाडी चुकलीय, पुढे काय करायचं. पंधरा पॅसेज लिहून झाल्यावर बहिणीला वाचायला दिली तर ती म्हणाली, "मी कधीपासून 'दमलो' म्हणायला लागले रे?"

मग यावर उपाय काय काय आहेत ते बघू.

एक म्हणजे 'तुम्ही' वापरा. 'तुम्ही बसलात', 'तुम्ही बघता' यात लिंग दिसत नाही. पण विशेषण आलं की पितळ उघडं, 'तुम्ही उभे आहात' की 'उभ्या आहात'? शिवाय 'तुम्ही' ने गोष्टीला बँकेच्या फॉर्मचा वास येतो, निदान मला येतो. भयकथेत 'कृपया मागे वळून बघा' असं काहीतरी वाटत राहतं.

दुसरा उपाय, पहिल्याच पानावर विचारायचं, उत्तर व्हेरिएबलमधे, म्हणजे गोष्टीने लक्षात ठेवायच्या नाव दिलेल्या कप्प्यात, ठेवायचं आणि दर क्रियापदाला दोन रूपं लिहायची. होतं हे, पण प्रत्येक वाक्यात अट घालत बसलं की लिहिण्याची लय मरते, आणि एक राहिलं तरी ते नेमकं क्लायमॅक्सलाच सापडतं.

तिसरा, नायक किंवा नायिका ठरवूनच टाका. नाव द्या, 'ती' लिहा, वाचक तिच्यासाठी निवडतो. यात काहीही कमीपणा नाही, उलट पात्र घट्ट होतं.

चौथा मला सगळ्यात आवडतो आणि तो मराठीनेच दिलाय. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. 'तू दार उघडलंस, कंदील उचललास, पिशवी घेतलीस.' ही तिन्ही रूपं दार, कंदील आणि पिशवीप्रमाणे आलीत, तू बाई आहेस की पुरुष याचा पत्ताच नाही. म्हणजे गोष्टीतल्या 'तू' ला कायम कशाला तरी हात लावायला लावा. 'तू गेलास' च्या जागी 'तू रस्ता ओलांडलास', 'तू दमलीस' च्या जागी 'तुझे पाय भरून आले', 'तू घाबरलास' च्या जागी 'तुला धडकी भरली'. भविष्यकाळही सुरक्षित, 'तुला कळेल', 'तू विचारशील'. साध्या वर्तमानात मात्र अडकाल, 'जातोस-जातेस' टाळता येत नाही. आणि काही क्रियापदं दगाबाज आहेत, सकर्मक असून कर्त्याच्या मागे जातात: विसरणे, शिकणे, बोलणे, म्हणणे, जेवणे, पिणे. 'तू छत्री विसरलास' चालणार नाही, 'छत्री बाकावरच राहिली' असं करा. ही यादी मी मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवलीय. गंमत म्हणजे या बंधनामुळे माझी वाक्यं सुधारली, कारण भावना सांगायच्या ऐवजी वस्तू आणि शरीर दाखवावं लागलं.

पर्यायांच्या ओळीसाठी आज्ञार्थ बेस्ट, 'विचार', 'थांब', 'चालायला लाग'. किंवा 'मी थांबणार', हेही दोघांना चालतं. 'मी थांबतो' नको.

यालाच लागून दुसरा खड्डा, विभक्तीचा. वाचकाने पिशवीतून काय घेतलं ते व्हेरिएबलमधे ठेवून पुढे त्याला 'ला' किंवा 'ने' चिकटवलं की 'कंदीलला', 'डबाला' असले नमुने निघतात. कंदिलाला, डब्याला, छत्रीला, प्रत्येकाचं सामान्यरूप वेगळं, वर 'ओला डबा' आणि 'ओली छत्री'. एकतर प्रत्येक वस्तूची दोन रूपं साठवा, नाहीतर सरळ तीन वेगळी वाक्यं लिहा. वस्तू तीनच असतील तर तीन वाक्यं लिहिणं स्वस्त पडतं. माणसांच्या नावांना त्रास कमी, सचिनला, मंदाला, विठूला होऊन जातं.

आता फांद्या किती फुटू द्यायच्या. नवा माणूस म्हणतो प्रत्येक पानावर दोन पर्याय, प्रत्येकाचा वेगळा रस्ता. हिशोब करा: अशा दहा निवडी म्हणजे १०२४ शेवट आणि एकूण २०४७ पॅसेज, दोनशे शब्दांचा एक धरला तर चार लाखांच्या वर शब्द, आणि वाचक त्यातले अकरा पॅसेज वाचून निघून जाणार. सॅम काबो अ‍ॅशवेलने २०१५ मधे अशा गोष्टींच्या रचनांची छान वर्गवारी केली होती, त्यात या बेसुमार फुटण्याला 'टाइम केव्ह' म्हटलंय. आपल्याला हवी ती 'ब्रांच अँड बॉटलनेक', फांद्या फुटतात, थोड्या वेळाने एका ठिकाणी येऊन मिळतात, परत फुटतात. माझ्या गोष्टीत कँटीनमधे जा, बाकावर बसून राहा किंवा बहादूरशेख नाक्यापर्यंत चालत जा, पहाटे पाचला सगळे त्या एकाच गाडीत चढतात. फरक एवढाच की कँटीनवाल्याशी गप्पा मारल्या असतील तर गाडीतला म्हातारा कोण आहे हे तुला माहीत असतं, नसतील तर नसतं. या आठवणी व्हेरिएबलमधे ठेवायच्या. पहिल्या गोष्टीला अशा तीन किंवा चार आठवणी पुरे, पॅसेज तीसचाळीस. आधी कागदावर किंवा चिकटचिठ्ठ्यांवर मांडा, भिंतीवर लावा, घरचे ओरडतील, ओरडू दे.

बॅकअपचं थोडक्यात सांगायचं तर, ट्वाइन ब्राउझरमधे वापरलंत तर गोष्ट त्या ब्राउझरच्याच पोटात असते, हिस्टरी आणि डेटा साफ केला की गेली. मी केला होता साफ, चूक माझीच, एकवीस पॅसेज गेले. तेव्हा डेस्कटॉप अ‍ॅप घ्या किंवा रोज रात्री आर्काइव्ह, म्हणजे सगळ्या गोष्टींची एक फाइल, काढून स्वतःला मेल करा. लिहायला युनिकोडच वापरा, जुन्या डीटीपी फाँटमधलं पेस्ट केलं की वाचकाला भुताची लिपी दिसते.

दिसण्याबद्दल. आपले वाचक बहुतेक फोनवरच असणार, बसमधे, एका हाताने. म्हणून फोनवर बघत बघतच रचना करा. फाँट मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, नाहीतर जरा पुस्तकी हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी, तिन्ही फुकट. मुक्त मुंबईच्या एक टाइपने केलाय. फाँट पक्का करायच्या आधी 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर', 'अ‍ॅप' हे शब्द टाकून बघा, ऱ्य नीट आला नाही तर तो फाँट बाद. पानाची भाषा एचटीएमएलमधे मराठी अशी नोंदवा, म्हणजे ज्या फाँटमधे सोय आहे तिथे ल आणि श आपल्या वळणाचे येतात, हिंदीचे नाही. ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, १.७ च्या आसपास ठेवा, नाहीतर वरची मात्रा आणि खालचा उकार भांडतात. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. आणि तिरकं अक्षर नको, देवनागरीत ते ब्राउझरने ढकलून पाडल्यासारखं दिसतं, विचार दाखवायला रंग बदला.

आवाज घालणार असाल तर ब्राउझर आपोआप वाजू देत नाहीत, वाचकाने आधी कुठेतरी टॅप करावं लागतं, म्हणून पहिल्या पानावर 'सुरू कर' बटण ठेवा. चित्रं कमी ठेवा आणि गुगलवरून उचलू नका. एखादी जुनी मराठी कथा घेऊन तिच्या फांद्या करायच्या असतील तर भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो, तेवढं तपासा.

आणि आता कुठे साइट. हो, एवढ्या उशिरा. गोष्ट पूर्ण असेल तर साइट एका संध्याकाळचं काम आहे. एक होमपेज ज्यावर गोष्टींची नावं, प्रत्येकीखाली दोन ओळी आणि वाचायला किती मिनिटं लागतील ते, एक 'माझ्याबद्दल', आणि प्रत्येक गोष्टीला एकेक फोल्डर, झालं. लॉगिन नको, डेटाबेस नको. गिटहब पेजेसवर किंवा निओसिटीजवर अशी साइट फुकट राहते, निओसिटीजवर १ जीबी जागा मिळते आणि नुसत्या मजकुराची गोष्ट एखाद दोन एमबीच्या पुढे जात नाही. नुसती एक गोष्ट पटकन टाकून बघायची असेल तर इच डॉट आयओ या खेळांच्या साइटवर टाका, फाइलचं नाव index.html ठेवून झिप करायची आणि ब्राउझरमधे चालणारी म्हणून निवडायची. फोल्डरची नावं मात्र रोमन लिपीत, लहान अक्षरात, स्पेस न देता. मराठी नाव दिलंत तर लिंक व्हॉट्सअ‍ॅपवर पेस्ट केल्यावर टक्क्यांच्या खुणांची आगगाडी होते आणि लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. डोमेन विकत घ्यायचं ते तीन गोष्टी झाल्यावर, हा नियम मी स्वतःला घातलाय, माझ्या दोन झाल्यात.

टाकण्याआधी तीन माणसांना वाचायला द्या आणि शेजारी बसून गप्प बघा. सांगायचं नाही, बोट दाखवायचं नाही. ट्वाइनमधे कुठल्याही पॅसेजपासून टेस्ट करता येतं त्यामुळे आपण स्वतः मधूनच तपासत राहतो आणि पहिलं पान शंभरदा बघूनही बघत नाही. माझी मावशी पहिल्याच पानावर थांबली. वाचून झालं, चष्मा काढला, म्हणाली छान आहे पण लहान आहे रे. मी वाक्याच्या मधेच दोन शब्द रंगीत आणि अधोरेखित करून लिंक केल्या होत्या, तिला वाटलं शुद्धलेखन चुकलंय म्हणून मोबाइलने रेघ ओढलीय. तेव्हापासून माझे पर्याय खाली वेगळ्या ओळीत, अंगठ्याएवढ्या चौकटीत असतात.