जिल्हा परिषदेच्या लहान शाळेचा कारभार : शाळा व्यवस्थापन समितीने या चुका टाळाव्यात

पट चाळीस-पन्नास, शिक्षक दोन, लिपिक नाही, शिपाई नाही. खेड्यातल्या अशा शाळेचं अनुदान, खोलीची दुरुस्ती, पोषण आहार, सगळं शेवटी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाशी येऊन थांबतं. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ ने या समितीला तीन कामं दिली आहेत : शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं आणि अनुदान कसं खर्च होतंय यावर लक्ष ठेवणं. पण पुष्कळ गावांत नोंदवही घरोघर फिरते, सह्या गोळा होतात आणि बैठक झाली असं धरलं जातं. त्यातून शाळेचं नुकसान नेमकं कुठे होतं आणि ते कसं अडवायचं, ते पाहू.

समिती निवडतानाच होणारी चूक

समितीचे किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. बारा जणांची समिती असेल तर नऊ पालक आणि सहा महिला. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या मुलांच्या प्रमाणात जागा द्याव्या लागतात. अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा असतो आणि मुख्याध्यापक सदस्य सचिव असतात.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. पहिली, ज्यांचं मूल या शाळेत नाही अशा गावपुढाऱ्याला अध्यक्ष करणं. दुसरी, सगळे पालक चौथीच्याच मुलांचे घेणं. समितीची मुदत दोन वर्षांची, पण मूल वर्षभरात शाळेतून जातं आणि समिती अर्धी रिकामी होते. पहिली-दुसरीच्या पालकांना मुद्दाम जास्त जागा द्या. तिसरी चूक बैठकीच्या वेळेची. सकाळी अकराला बैठक लावली की मजुरीला गेलेल्या आया येऊच शकत नाहीत, त्यांच्या जागी नवऱ्यांच्या सह्या होतात. संध्याकाळी किंवा गावच्या बाजाराच्या दिवशी बैठक ठेवली तर उपस्थिती वाढते. विषयपत्रिका चार दिवस आधी द्या, म्हणजे काय विचारायचं ते पालकांना घरी ठरवता येतं.

मोघम ठराव

बहुतेक इतिवृत्तांत हे वाक्य सापडतं : "शाळेच्या विविध अडचणींवर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले." या ओळीवर कोणताही अधिकारी काही करू शकत नाही, कारण त्यात काम नाही, जागा नाही, तारीख नाही.

तोच विषय असा लिहा : "ठराव क्र. ४ : इयत्ता तिसरीच्या खोलीचे पश्चिम बाजूचे सहा पत्रे फुटले असून पावसाचे पाणी मुलांच्या बसण्याच्या जागी पडते. हे काम ग्रामपंचायत विकास आराखड्यात घेण्याची मागणी करण्यात यावी. मुख्याध्यापकांनी २५ सप्टेंबरपर्यंत फोटोसह पत्र द्यावे व पोच फाईलला लावावी. ग्रामसभेत विषय उपाध्यक्षांनी मांडावा." खाली सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. पुढच्या बैठकीचा पहिला विषय म्हणजे मागचं इतिवृत्त कायम करणं. तिथेच विचारायचं : पत्र गेलं का, पोच कुठे आहे?

सप्टेंबरची तारीख मुद्दाम घातली आहे. ग्रामपंचायतीच्या पुढच्या वर्षाच्या आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या आसपास सुरू होते. शाळेचं पत्र जानेवारीत पोचलं तर आराखडा तोवर बंद झालेला असतो आणि पत्रे आणखी एक पावसाळा तसेच राहतात. शौचालय आणि पिण्याच्या पाण्याची कामं वेगळी मागा. २०२१ ते २०२६ या काळासाठी पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानाचा ६० टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला. गळक्या पत्र्यासाठी 'निधी नाही' हे उत्तर खरं असू शकतं, पण मुलींच्या शौचालयाच्या पाण्यासाठी तेच उत्तर मिळालं तर कोणत्या निधीतून नाही, ते लेखी विचारा.

खोली पडायला आली असेल तर दुरुस्ती मागण्यात वर्षं घालवू नका. समितीचा ठराव, फोटो आणि अभियंत्याचा अहवाल जोडून निर्लेखनाचा, म्हणजे खोली वापरातून रद्द करून पाडण्याचा, प्रस्ताव पंचायत समितीमार्फत पाठवा. मंजुरी येईपर्यंत त्या खोलीला कुलूप लावा, मुलं व्हरांड्यात बसली तरी चालतील.

३० सप्टेंबर विसरणं

लहान शाळेला सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. यूडायस प्लस, म्हणजे देशभरातल्या शाळांची माहिती गोळा करणारी केंद्राची ऑनलाइन प्रणाली. तिथली माहिती ३० सप्टेंबरच्या पटावर भरली जाते. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर, हेही सरल या राज्याच्या विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरच्या त्याच सुमाराच्या पटावर ठरतं आणि तिथे आधार जुळलेली मुलंच धरली जातात. मूल रोज वर्गात येतं, जेवतं, वाचतं, पण आधारवर नाव 'गणेश' आणि दाखल-खारीज रजिस्टरला 'गणेशा' असेल किंवा जन्मतारखेत एका दिवसाचा फरक असेल, तर मोजणीत ते मूल नसल्यासारखंच.

एकेक मूल किती मोलाचं असतं ते पाहा. कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ झाली की तीन. संयुक्त शाळा अनुदानात, म्हणजे समग्र शिक्षा या केंद्र-राज्य योजनेतून शाळेच्या वार्षिक खर्चासाठी मिळणाऱ्या रकमेत, ३० पटापर्यंत १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००. म्हणजे ३१ व्या मुलाचं नाव यूडायसला चढवायचं राहिलं, तर शाळेचे १५,००० रुपये बुडाले.

उपाय जूनमध्येच करायचा. प्रवेश पंधरवडा संपला की वर्गवार यादी काढून प्रत्येक नावासमोर तीन खुणा करा : रजिस्टर, आधार, पोर्टल. जिथे फरक आहे तिथे लाल खूण करून चूक रजिस्टरमध्ये आहे की आधारमध्ये, ते आधी ठरवा. रजिस्टरमधली जन्मतारीख खाडाखोड करून बदलता येत नाही, त्यासाठी रीतसर मंजुरी लागते. आधारमधली दुरुस्ती जन्मदाखल्यावर केंद्रात होते. पालकांची मजुरी बुडू नये म्हणून अशा सगळ्या मुलांना एकाच दिवशी, एकाच गाडीने तालुक्याला नेणं सोपं पडतं, आणि हे काम समितीनेच अंगावर घ्यावं. ऑगस्टअखेर यादीत एकही लाल खूण राहता कामा नये, कारण सप्टेंबरात पोर्टल रखडतं.

अनुदान : पैसा येऊन परत जाणं

समग्र शिक्षाचं अनुदान आता खात्यात पडून राहत नाही. खर्चाची मर्यादा पीएफएमएस या सरकारी निधी-व्यवहारांच्या पोर्टलवर दिसते, शून्य शिल्लक खात्यातून थेट दुकानदाराला पैसे जातात आणि ३१ मार्चपर्यंत न वापरलेली मर्यादा हातची जाते. ती बऱ्याचदा वर्षाच्या शेवटी शेवटीच मिळते. तेव्हा दरपत्रकं मागवायला निघालात तर उशीर झालाच म्हणून समजा.

खरेदीची यादी आणि तीन दरपत्रकं डिसेंबरातच तयार ठेवा. तुलनात्मक तक्त्याला समितीची मंजुरी घेऊन ठेवा. दुकानदाराचं खातं पोर्टलवर आधीच नोंदवा आणि त्याचा आयएफएससी कोड पासबुकावरून नव्हे, बँकेतून ताजा घ्या. बँकांच्या विलीनीकरणात कोड बदलले, जुना कोड टाकला की व्यवहार परत येतो आणि तोवर एप्रिल उजाडतो. अध्यक्ष किंवा मुख्याध्यापक बदलले की त्याच आठवड्यात बँकेत सह्या आणि मोबाईल क्रमांक बदला. बदलीवर गेलेल्या सरांच्या फोनवर ओटीपी जात असल्यामुळे अडलेली शाळा फार गावांत सापडते.

संयुक्त शाळा अनुदानातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेसाठी असतो. ४२ पटाच्या शाळेला २५,००० मिळाले तर २,५०० रुपये साबण, फिनेल, नळाची दुरुस्ती यांवर गेलेले दिसले पाहिजेत. प्रत्येक खरेदी तीन ठिकाणी दिसावी : बिलावर, रोकडवहीत आणि साठा नोंदवहीत. लेखापरीक्षणात आक्षेप येतात ते बहुधा साठा नोंदवहीवर. खरेदी खरी असते, वस्तूही शाळेत असते, फक्त नोंद केलेली नसते.

पोषण आहार : पटावर शिजवणं

प्राथमिकला दर मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल. उच्च प्राथमिकला हेच १५०, ३०, ७५ आणि साडेसात ग्रॅम. मोजणी हजेरीवर करायची, पटावर नाही. ४२ पट असलेल्या प्राथमिक शाळेत ३६ मुलं आली तर तांदूळ ३ किलो ६०० ग्रॅम, डाळ ७२० ग्रॅम, भाजी १ किलो ८०० ग्रॅम, तेल १८० ग्रॅम. हे आकडे सकाळची हजेरी झाल्यावर फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि माल वजनकाट्यावर मोजून द्या. वाटीच्या अंदाजाने दिलं तर महिनाअखेर नोंदीतला आणि पोत्यातला तांदूळ जुळत नाही, मग खोटी हजेरी लिहिण्याचा मोह होतो. तिथून पुढे सगळ्याच नोंदी खोट्या पडत जातात.

जुनं पोतं आधी संपवा, पोती भिंतीला टेकवू नका, खाली लाकडी फळ्या घाला. मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने आणि शक्य त्या दिवशी एखाद्या पालकाने जेवण चाखून चव नोंदवहीत वेळेसह नोंद करावी. महिन्याभराच्या सह्या एकाच शाईने एका दिवशी झालेल्या असतात, हे वही उघडल्यावर कुणालाही दिसतं. आणि विषबाधेसारखं काही घडलं तर तीच वही पहिली मागवली जाते.

वाचनाबद्दल कधीच न बोलणं

समितीच्या बैठकांत कुंपण, रंग, स्नेहसंमेलन हेच विषय येतात. किती मुलांना वाचता येतं, हा प्रश्न वर्षानुवर्षं कामकाजात येत नाही. आमच्या मते याहून मोठी चूक दुसरी नाही.

५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या केंद्रीय अभियानाचं तिसरीसाठीचं लक्ष्य मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचं आहे. हे तपासायला पाच मिनिटं लागतात. मुलाने न पाहिलेला साधारण ८० शब्दांचा सोपा उतारा घ्या. मूल वाचू लागलं की मोबाईलवर एक मिनिट लावा, चुकलेले आणि सुटलेले शब्द वजा करा आणि उताऱ्यावर तोंडी तीन प्रश्न विचारा. वेग आहे पण उत्तरं नाहीत, तर मूल नुसतं उच्चार करतंय. उत्तरं बरोबर पण वेग कमी, तर त्याला रोजचा सराव हवा. दोन्हींवरचे उपाय वेगळे असल्याने निव्वळ गुण लिहून भागत नाही.

जुलै, ऑक्टोबर, जानेवारी आणि मार्चमध्ये हे करा. समितीसमोर फक्त संख्या ठेवा : अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट या प्रत्येक पायरीवर किती मुलं. नावं घेऊ नका. सभेत मुलाचं नाव आलं की संध्याकाळी घरी त्याला मार बसतो आणि पुढच्या वेळी शिक्षकही आकडे फुगवतात. पायाभूत चाचणीचे गुण आणि हा तक्ता शेजारी ठेवा. गुण चांगले पण तिसरीतली निम्मी मुलं शब्दावरच अडलेली असतील, तर चाचणी कशी घेतली गेली ते शांतपणे विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्याआधी करा. पालक तोडीला गेल्यावर मुलांना गावातच ठेवणाऱ्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव दिवाळीनंतर पाठवून उपयोग नाही, तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात. तरीही जी मुलं जातील त्यांच्या हातात शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे जातील तिथल्या शाळेत त्यांचं शिक्षण चालू राहील.

रिक्त पदासाठी नुसतं तोंडी सांगणं

केंद्रप्रमुखांना फोन केला, सभापतींना भेटलो, एवढ्यावर विषय सोडू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २६ नुसार रिक्त पदं मंजूर पदांच्या १० टक्क्यांहून जास्त नसावीत. कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकांना इतर अशैक्षणिक कामं देता येत नाहीत. शिक्षक बाहेरच्या कामाला गेले की तारीख, आदेश क्रमांक आणि वर्ग किती तास बिनशिक्षकाचा राहिला, हे त्याच दिवशी वहीत लिहा. पहिली ते पाचवीला वर्षात २०० दिवस आणि ८०० तास शिकवणं बंधनकारक आहे. वर्षाखेरीस किती तास बुडाले, ते याच वहीतून मांडता येतं.

त्यानंतर कलम ३२ खाली लेखी तक्रार, ठरावाची प्रत जोडून, आवक क्रमांक घेऊन द्यावी. स्थानिक प्राधिकरणाने म्हणणं ऐकून तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. निर्णय पटला नाही तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येतं, आणि तिथे पहिला प्रश्न आवक क्रमांकाचाच असतो.